दीड फुटाचा खड्डा

२ एप्रिल

अध्यक्ष झालो! आयेर गेलाम गाव भूमी सुधार गटाचा अध्यक्ष, पाक सापुआन. वहीच्या मागच्या पानावर मानाच्या 'पाक'सकट तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा झकास दिसलं.

जंगल खात्याच्या बू वेनिंग, म्हणजे वेनिंगबाई, आज स्वतः आल्या होत्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, पण बाई बोलायला लागल्या की गावातले सगळे बापये आपोआप ताठ बसतात. त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या, एक हेक्टर जमीन आणि एक जाडजूड वही. वहीत रोजचं काम लिहायचं. मी येताना दुकानातून आणखी एक वही घेतली, ती ही. त्या वहीत खात्याला आवडेल ते लिहीन, हिच्यात मला आवडेल ते.

जमीन म्हणायचं एवढंच. पांढरी रेती, दुपारी डोळे दिपतात, आणि मधे हिरव्या पाण्याचं खाणतळं. गवताची काडी नाही. बारा वर्षांपूर्वी तिथे मिरीची बाग होती, हामसियाच्या वडिलांनी आमच्या लग्नात दिलेली. आमच्या बेटावर कथलाचा भाव चढला तेव्हा मी ती खाणवाल्या तारमिझीला विकून टाकली. हामसिया नेमकी तेव्हा माहेरी गेली होती, त्यामुळे तिला विचारायचं राहून गेलं. तिने त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही, म्हणजे तिला पटलंच असणार. तारमिझीने पंप लावून वर्षभरात सगळी माती धुऊन कथील काढलं आणि उरलेली रेती खात्याच्या गळ्यात टाकून मोकळा झाला.

आता अट अशी. चारशे काजू लावायचे. कोरडे महिने काढून तीनशे जिवंत दिसले, तर जमीन पस्तीस वर्षं गटाकडे. काजू उभे राहिले की त्यांच्या सावलीला मिरी चढवायची, हे माझं मनातलं. तीनशेला एक जरी कमी पडला तर जमीन परत. आणि तिथे कुणी कथलासाठी फावडं मारलं, तर त्याच दिवशी परत. परत गेली की ती पुन्हा खाणीसाठी मागायला तारमिझी टपून बसलाय. त्याच्याकडे आता नवे पंप आलेत, खालचं उरलंसुरलंही शोषणारे.

घरी येऊन हामसियाला म्हटलं, "तुझ्या बाबांचा तुकडा परत येतोय!" ती मासे साफ करत होती. म्हणाली, "बरं." बायकांना अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

५ एप्रिल

आज मी एक काठी तासली. बरोब्बर दीड फूट. खात्याच्या कागदावर लिहिलंय, खड्डा दीड फूट खोल, दीड फूट रुंद. टोकाला लाल रंग दिला. गटातल्या बापयांना घेऊन पश्चिमेच्या अर्ध्या भागात दोनशे खड्डे खणले, एकेक काठी लावून. काय देखणे खड्डे! ओळीत असे बसलेत की बघत राहावं. फोटो काढून बू वेनिंगना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

७ एप्रिल

उद्यापासून पांगकलपिनांग शहरात सहा दिवसांचं प्रशिक्षण. अध्यक्षाला जावंच लागतं. पूर्वेचे दोनशे खड्डे मागे राहतात, ते बायका खणतील. माक सैनाच्या हाताखाली वीस जणी. माक सैना म्हणजे गावातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची आणि सगळ्यांत मोठ्या दंडाची बाई, नदीत परात फिरवून कथील धुण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी सगळ्यांना ओळीत उभं करून काठी दाखवली.

"दीड फूट. कमी नाही, जास्त नाही."

हामसियाने काठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "दीडच?"

"दीडच. खातं म्हणतं दीड."

"खातं म्हणतं तर दीड," माक सैना म्हणाली, आणि सगळ्या जणी एकदम हसल्या. गटात असा उत्साह हवा.

१४ एप्रिल

आलो! हिरवी टोपी मिळाली, पुढे झाडाचं चित्र. बसमधून उतरलो तो टोपी घालूनच.

जमिनीवर जाऊन पाहतो तर काय, पूर्वेचे दोनशेच्या दोनशे खड्डे खणून, भरून, रोपं लावून तयार! मी तोंडात बोटंच घातली. पश्चिमेची रोपं मी परवा लावणार होतो, या बायकांनी मला मागे टाकलं. तिथली माती जरा पिवळट वाटली. ऊन लागून होत असेल. खड्ड्यांचं तोंडही दीड फुटापेक्षा बरंच मोठं दिसत होतं, पण मी काही बोललो नाही. नव्या माणसांना पहिल्या दिवशी टोचून बोलू नये, असं प्रशिक्षणात सांगितलंय.

माक सैनाच्या हातांना फोड आलेत. हामसियाची कंबर धरलीय. मला बघून सगळ्या तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. टोपी आवडलेली दिसते.

घराच्या मागे हामसियाची लाकडी परात उन्हात वाळत टाकली होती. मी दटावलं, "पुन्हा नदीवर गेली होतीस ना कथील धुवायला? आता आपण सुधार गटातले. अध्यक्षाची बायको रेती धुताना दिसली तर नाक कापलं जाईल माझं."

ती म्हणाली, "नदीवर नाही गेले, बांग." लग्नापासून ती मला बांगच म्हणते, आणि खोटं ती बोलत नाही. मग परात कशाला ओली होती, हे विचारायचं राहिलं.

१६ एप्रिल

माझ्या शब्दाला गावात काय वजन आलंय! को आख्योंगच्या कोंबड्यांच्या शेडवर खत मागायला गेलो. को आख्योंग हक्का चिनी माणूस, दमडी सोडत नाही, सख्ख्या मेव्हण्याला अंडं मोजून विकतो. मी हात जोडून सुरुवात करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ट्रकभर काढून ठेवलंय, पाक सापुआन. घेऊन जा. मिटलंय सगळं."

"मिटलं म्हणजे?"

"मिटलं म्हणजे मिटलं. वहिनींना सलाम सांगा."

फुकट! को आख्योंगकडून फुकट! अंगावर मूठभर मांस चढलं. रस्ताभर गात आलो. हामसियाला सांगितलं तर ती ठसका लागेपर्यंत हसली. तिलाही माझा अभिमान वाटतो, फक्त दाखवत नाही.

३ मे

खत सगळीकडे सारखं घातलं. पण मला वाटतं, नुसत्या खताने भागणार नाही. रेती मेलेली आहे, तिला काहीतरी झणझणीत पाजलं पाहिजे. काल जेवताना रुसिपची बरणी उघडली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. लहान मासळी मिठात आंबवली की तिला एवढा जोर येतो, तर तोच जोर झाडाला का येऊ नये? रुसिप, अननसाची सालं, तांदळाचं धुवण, थोडा गूळ. मोठ्या पिंपात घालून झाकून ठेवलं. पंधरा दिवस.

१९ मे

झाकण उघडलं. शेजारच्या तिन्ही घरांनी खिडक्या लावल्या. मांजरं जमली, ती आत येईनात आणि जाईनात. म्हणजे जोर आलाय.

आजच पहिला हप्ता घातला. सुरुवात पूर्वेकडून.

२० जून

पाऊस थांबून तीन आठवडे झाले. आणि ऐका! पूर्वेचे काजू टवटवीत. नवी पानं, तांबूस, चकाकणारी. मी एकेका झाडापाशी उभा राहून त्याच्याशी बोललो. कुणी बघत नव्हतं. पश्चिमेची रोपं जरा मान टाकल्यासारखी दिसतात. कारण उघड आहे, औषधाची सुरुवात मी पूर्वेकडून केली, पश्चिमेला पोचेपर्यंत पिंपातला गाळ उरला होता. उद्यापासून पश्चिमेकडून सुरुवात.

औषधाला नाव ठेवलंय, 'सापुआन जोर'.

८ जुलै

कॉफीच्या दुकानात तारमिझी भेटला. हातात तीन अंगठ्या, पायात नवे बूट. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "काय रे सापुआन, रेतीला मासे भरवतोस म्हणे? तीही बिचारी उपाशीच."

मी म्हटलं, "पूर्वेकडे येऊन बघ. माझ्या कमरेला लागतात काजू."

"आणि पश्चिमेकडे?"

मी कॉफी प्यायलो. त्याने मग आवाज उतरवून सांगितलं, "सप्टेंबरात बाई मोजायला येतील. तीनशे भरणार नाहीत. ऑक्टोबरात माझे पंप लागतील. तुला पंपावर राखणदार ठेवतो, चल. टोपी आहेच तुझ्याकडे."

सगळे हसले. मी पण हसलो, आणि वाट वाकडी करून पश्चिमेची रोपं पुन्हा मोजून आलो. त्या हिरव्या तळ्याशेजारी त्याच्या पंपाचा आवाज पुन्हा ऐकायचा, नको रे बाबा.

९ ऑगस्ट

पश्चिमेला 'सापुआन जोर' दुप्पट दिलं. आजवर चार वेळा. रोपं मरतायत. काड्या झाल्या नुसत्या. रोज सकाळी सगळे बापये खांद्यावर कावडी घेऊन पाणी घालतात, रेती ते पाणी क्षणात पिऊन टाकते आणि पुन्हा कोरडीच्या कोरडी. पूर्वेला आम्ही तिसऱ्या दिवशी घातलं तरी ती झाडं खुशाल उभी.

आज हामसिया म्हणाली, "बांग, पश्चिमेला एकदा खोल खणून बघा की."

"खोल? खात्याने दीड फूट सांगितलंय. शिकलेली माणसं आहेत ती."

"बरं. तुम्ही शिकलेले, खातं शिकलेलं."

ती आत गेली आणि भांडी जरा जोरात आपटली. मला वाटतं तिला माझी काळजी वाटते. मी सांगितलं, काळजी करू नकोस, तिप्पट देतो.

१२ सप्टेंबर

मोजणी झाली. पूर्वेला एकशे त्र्याऐंशी. पश्चिमेला नऊ. नऊ! एकूण एकशे ब्याण्णव. तारमिझी रस्त्यावर मोटारसायकल लावून बसला होता, सिगारेट पेटवली त्याने.

मला वाटलं संपलं. पण बू वेनिंग पूर्वेकडून हलेनात. एकेका काजूखाली बसून माती बोटांत चोळत होत्या. "पाक सापुआन, अख्ख्या बेटावर रेतीत एवढे काजू जगलेले मी पाहिले नाहीत. काय केलंत?"

आणि मी बोलू लागलो. रुसिप, अननस, गूळ. त्यांनी पिंपाचा वास घेतला, डोळे मिटले, परत उघडले, आणि वहीत लिहून घेतलं! वर म्हणाल्या, पूर्वेचा निकाल बघून मी एक वर्ष वाढवून देते, पश्चिम पुन्हा लावा, पुढच्या कोरड्या महिन्यांनंतर शेवटची मोजणी. आणि रविवारी गावच्या जेवणाला तीन गावांचे प्रमुख घेऊन येते, त्यांनाही रेती सुधारायचीय, त्यांना तुमचं औषध सांगा.

तीन गावं! सापुआन जोर तीन गावांत! रात्रीचं जेवण गेलं नाही. मी हवेत तरंगतोय.

१३ सप्टेंबर

रविवारच्या भाषणाची तयारी. बाटल्या आणल्या चाळीस. प्रत्येकीवर माझं नाव लिहिणार. हामसियाला म्हटलं, तुझं अक्षर बरं आहे, तू लिही. तिने पेन घेतलं, पहिल्या बाटलीवर 'सा' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, "माक सैनाला बोलावून आणते."

मग मला समोर बसवून दोघी बोलल्या. सगळं जसंच्या तसं लिहितो.

हामसिया म्हणाली, "तुम्ही प्रशिक्षणाला गेलात. तुमच्या काठीने आम्ही पहिला खड्डा खणला, दीड फूट. तेवढ्यात माक सैना म्हणाली, थांबा गं, हे काळं काय दिसतंय."

"काळं म्हणजे?"

"कथील, पाक सापुआन," माक सैना म्हणाली. "तारमिझीच्या जुन्या पंपांना नीट धुता कुठे येतं? मग सांगा, दीड फुटावर कोण थांबणार? तुम्ही थांबला असता?"

मी म्हटलं, हो. दोघी हसल्या. मग मीही हसलो, कारण नसतो थांबलो. या बेटावर जन्मलेला माणूस काळी रेती बघून फावडं खाली ठेवूच शकत नाही.

"सगळे खड्डे छातीपर्यंत खणले आम्ही," हामसिया म्हणाली. "खाली पिवळी चिकणमाती लागते, काळी रेती तिच्यावरच बसलेली असते. ती परातीत धुऊन घेतली. मग तुम्ही याल म्हणून घाईघाईने जे हाताला लागलं ते आत लोटलं, रेती, चिकणमाती, सगळं कालवून. वर रोप."

आणि मग मला कळलं. काय सांगू, एका क्षणात कळलं. रेतीत पाणी थांबत नाही, चिकणमातीत थांबतं. शेंबड्या पोराला कळलं असतं. मी प्रशिक्षण घेतलं होतं.

"म्हणजे माझं औषध?"

"माश्या खूप आल्या," माक सैना म्हणाली.

"आणि को आख्योंगचं खत?"

"त्या कथलावर," हामसिया म्हणाली. "सगळं त्यालाच दिलं. आम्ही एक कणही घरी नेला नाही. विचारा कुणालाही."

मी विचारलं, मग इतके महिने बोलली का नाहीस. म्हणाली, "कागदावर तुमची सही आहे, कथलाला हात लावायचा नाही म्हणून. आणि तुम्ही इतके खुशीत होतात, बांग. बारा वर्षांत तुम्हाला असं शीळ घालत फिरताना पाहिलं नव्हतं."

आधी मी रागावलो. मग रडलो. मग पिंपाकडे नजर गेली आणि हसू फुटलं ते थांबेचना, माक सैना पाठ चोपत होती.

पण आता पेच पडलाय. पश्चिम जगवायची तर छातीपर्यंत खणायला हवं. खणलं की कथील दिसणार, आणि तारमिझी रोज रस्त्यावर बसतो. न सांगता खणलं तर तो खाणकाम म्हणून तक्रार करणार. सांगितलं तर पूर्वेचंही उघडं पडणार आणि जमीन आजच जाणार. गप्प बसलो तर पश्चिम पुन्हा मरणार, जमीन पुढच्या वर्षी जाणार, आणि तीन गावं काजूला रुसिप पाजत बसणार.

हामसिया म्हणते, "तुम्ही ठरवा. मागच्या वेळीही तुम्हीच ठरवलं होतं." मागच्या वेळी म्हणजे कधी, ते मला नीट कळलं नाही.

१५ सप्टेंबर

सांगून टाकलं.

सभाघरात दोन्ही बाजूंना ओळीने ताटं मांडलेली, प्रत्येक घरचं एक, वर लाल झाकण. सगळं गाव मांडी घालून बसलेलं. तीन गावांचे प्रमुख पुढे, बू वेनिंग त्यांच्या शेजारी. तारमिझीही आला होता, त्याचं ताट सगळ्यांत मोठं. मी टोपी घालून उभा राहिलो. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य होतं, 'निसर्गाचा जोर, सापुआन जोर'.

तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्या औषधाने काही होत नाही. वास तेवढा येतो."

मग धडाधड सगळं बोलून गेलो. काठी, बायका, काळी रेती, चिकणमाती, को आख्योंग. आणि खरं लिहू का, बोलताना मजा येत होती, लहानपणी नदीत उडी मारताना यायची तशी. शेवटी म्हणालो, "दोष अध्यक्षाचा. बायकांचा नाही. पश्चिमेला तसंच खोल खणू द्या, आम्ही कथील काढणार नाही."

तारमिझी उठून उभा राहिला. "ऐकलंत ना, बाई? खाणकाम! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! आणि कथील काढणार नाही म्हणे. या गावातली बाई काळी रेती बघून हात मागे घेईल?"

सगळे आपापल्या ताटाकडे बघायला लागले. कारण त्याचं म्हणणं आम्हा सगळ्यांनाच पटत होतं.

बू वेनिंगनी शांतपणे एक लाल झाकण उचललं. "आधी जेवू. उद्या सकाळी पाक सापुआन माझ्यासमोर खणतील. खाणकाम कशाला म्हणायचं ते तिथे ठरवू."

१६ सप्टेंबर

अंगावरची माती न धुताच लिहायला बसलोय.

सकाळी अख्खं गाव पश्चिमेच्या रेतीवर. मी एक मेलेलं रोप उपटलं आणि खणायला लागलो. गुडघा, मांडी, कंबर. एकोणसाठ वर्षांच्या माणसाची दया कुणालाच येऊ नये! छातीपर्यंत आलो तेव्हा फावड्याखाली पिवळी चिकणमाती लागली, आणि तिच्यावर पट्टा. काळा, ओला, तळहाताएवढा जाड. तारमिझीचे पंप डोळे मिटून चालत होते की काय!

वर सगळे वाकले. माक सैनाने आपला उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. तारमिझी म्हणाला, "आता बघू."

खरं लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो. मला ते हवं होतं. माझे हात आपोआप काळी रेती वेगळी ओढायला लागले, कोपऱ्यात सुबक ढीग. जन्माची सवय. मी ढीग बघत राहिलो, फावडं हलेना. बू वेनिंगनी वहीवर पेन टेकवलं.

तेवढ्यात हामसिया सारोंग खोचून वरून घसरत खड्ड्यात आली. दोघांना जेमतेम जागा. तिने ओंजळ भरून काळी रेती उचलली आणि चिकणमातीत घालून मळायला लागली, पीठ मळतात तशी, दोन्ही हातांनी, जोर लावून.

"एकदा काढून दिलंत ना त्याला?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "माझ्या बाबांची बाग, मिरीचे साडेसातशे वेल. मी माहेराहून आले आणि तिथे पंप चालू होता. काय राहिलं हाताला? सांगा ना, काय राहिलं?"

साडेसातशे. तिला आकडा पाठ आहे. बारा वर्षं ती गप्प होती आणि मी समजलो, तिला पटलं.

मी फावडं टाकलं आणि तिच्याबरोबर मळायला लागलो. मग वरून माक सैना ओरडली, "अगं बाई गं, चाललं माझं कथील!" आणि रडत रडत, हसत हसत पायाने रेती आत लोटायला लागली. मग सगळ्या जणी. मग बापये. आम्हा दोघांना वर ओढलं, खड्डा भरला, वर नवीन काजू. आमच्या गावात कुणी कथील जमिनीत परत घातल्याचं मी ऐकलेलं नाही, माझ्या आजोबांनीही ऐकलं नसेल.

बू वेनिंग उकिडव्या बसून लिहीत होत्या. "किती खोल म्हणून लिहू?"

"चिकणमाती लागेपर्यंत," हामसिया म्हणाली.

त्यांनी तसंच लिहिलं. तारमिझी म्हणाला, "पण एप्रिलमधलं खाणकाम? त्याचं काय?"

"त्याचा दंड म्हणून हा गट तीन गावांत जाऊन खड्डे खणून दाखवेल," बू वेनिंग म्हणाल्या. "बापये पाणी भरतील, बायका शिकवतील. आणि काढलेलं आत गेलं की त्याला मी खाणकाम म्हणत नाही. तुम्ही तुमच्या तळ्यात काही परत घालणार असाल तर सांगा, तुमचंही नाव लिहिते."

मी त्यांना खांद्यावर घेऊन नाचणार होतो. हामसियाने मागून शर्ट धरला.

३० ऑक्टोबर

एकशे एक्क्याण्णव खड्डे झाले. एकशे एक्क्याण्णव वेळा कथील दिसलं आणि एकशे एक्क्याण्णव वेळा आत गेलं. बाराव्या खड्ड्यात भांडंभर निघालं, माक सैना तासभर बाजूला बसून राहिली. मग उठून स्वतः लोटलं. आता त्यांनी त्याचं गाणंच केलंय, लोटताना म्हणतात आणि माझं नाव घालून मला चिडवतात. मी पाणी वाहतो. काठी मोडून चुलीत घातली.

पूर्वेची सतरा मेलेली होती, तीही पुन्हा लावली.

२८ ऑगस्ट

शेवटची मोजणी. वर्ष सरलं, पाऊस नसलेले अडीच महिनेही गेले, रोज वाटायचं आज काहीतरी मरणार. पहाटे तीनदा मोजून आलो होतो, तीनदा वेगळा आकडा.

बू वेनिंग पुढे, मागे आम्ही सगळे. पूर्व, एकशे ब्याण्णव. मग पश्चिम. शंभरापासून मीही बोटांवर मोजायला लागलो. एकशे आठला त्या थांबल्या, म्हणाल्या, "तीनशे झाले," आणि पुढे मोजत राहिल्या, पण ते ऐकायला कोण होतं! माक सैनाने मला उचललं. खरोखर उचललं, दोन्ही पाय जमिनीवरून! को आख्योंग अंड्यांची टोपली घेऊन आला, मोजल्याशिवाय वाटली. तीनशे सत्याहत्तर जिवंत. तारमिझी कधी निघून गेला कळलंही नाही.

कागद आला. पस्तीस वर्षं. मी त्र्याण्णव... नाही, साठ आणि पस्तीस, पंच्याण्णव वर्षांचा होईन! मी कागद नाचवत हामसियाला शोधत होतो. ती पश्चिमेच्या कडेला काजूखाली रेतीवर बसली होती. रडत होती, मोठ्याने, लहान मुलासारखी. कसली ती रडते! आमचं चौथं मूल गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी कागद घडी करून खिशात घातला आणि तिच्याशेजारी बसलो.

हळूच म्हणालो, "माझं चुकलं गं. तुला विचारायला हवं होतं."

तिने नाक पुसलं. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"म्हटलं, माझं चुकलं."

"अजून नाही आलं, बांग. जरा मोठ्यानं."

मी उठून उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो. तीनशे सत्याहत्तर झाडांवरून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेलं. सगळं गाव मान वळवून बघायला लागलं, बू वेनिंगच्या हातून पेन पडलं. हामसिया म्हणाली, "हां, आता आलं," आणि हात पुढे केला, मी तिला उठवलं.